पोत्याने घालायचे, थेंबाने काढायचे

प्रवाळांच्या खाऱ्या टाकीत फॉस्फेट लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावे, असा टाकी सांभाळणाऱ्यांचा जुना दंडक आहे. उथळ, स्वच्छ प्रवाळ-समुद्रात ते याहूनही कमी भरते. धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा आकडा विश्वास बसू नये इतका लहान वाटतो, कारण त्याच्या आयुष्यात फॉस्फेट येते तेच मुळी पोत्याने. मृगाचा पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रापुढे डीएपीसाठी रांगा लागतात. पोत्यावर १८:४६ छापलेले असते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात, खतांच्या नेहमीच्या हिशेबाप्रमाणे, २३ किलो स्फुरद. सोयाबीन असो, तूर असो, ऊस असो की द्राक्षबाग, पेरणी आणि लागवडीच्या खर्चात या पोत्याचा वाटा मोठा.

घातलेले सगळे पिकाला मिळते असे मात्र नाही. जिल्ह्यातली काळी जमीन चुनखडीची आहे. खतातले फॉस्फेट ओलीत विरघळते आणि थोड्याच दिवसांत कॅल्शियमला धरून बसते. पहिल्या पिकाच्या हाती जेमतेम १५ ते २५ टक्के लागते, बाकीचे मातीत अडकते. ‘खत घातलं, पण लागू पडलं नाही’ या बांधावरच्या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच रसायन असते. म्हणून पेरणीआधी बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक चोळतात. अडकलेले सोडवणे ही शेतकऱ्याची धडपड. प्रवाळाच्या टाकीवाल्याला नेमके उलटे हवे असते: मोकळे फॉस्फेट कशाला तरी जखडावे आणि पाण्याबाहेर काढून टाकावे.

समुद्र या जिल्ह्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, पण त्याची एक खूण इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ. कवडीचा जीव लक्षद्वीप-मालदीवकडच्या उथळ, प्रवाळांच्या पाण्यात राहतो. तिचे गुळगुळीत कवच आणि प्रवाळाचा सांगाडा दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच. पुढे शाळेची सहल मुंबईला गेली की मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय दाखवले जाई. खाऱ्या पाण्यातले जिवंत मासे काचेपलीकडे पाहण्याचा तो मराठवाड्यातल्या कित्येकांचा पहिला प्रसंग. त्यातला एखादा मुलगा मोठेपणी पुण्यात नोकरीला लागतो, घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडतो, आणि शेतात ज्याची कायम चणचण होती तेच इथे नकोसे झाल्याचे पाहतो.

फॉस्फेट वाढले की दोन गोष्टी होतात. काचेवर आणि दगडांवर शेवाळ माजते, हे कोणालाही दिसते. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि जास्त घातक आहे: सांगाडा बांधताना प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक वाढवत असतो, त्या वाढत्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटते आणि वाढ रोखते. प्रवाळ मरत नाही, पण खुंटतो. हे फॉस्फेट येते मुख्यतः खाद्यातून. गोठवलेले खाद्य वितळल्यावर सुटणारे गढूळ पाणी तसेच टाकीत गेले, तर त्याबरोबर फॉस्फेटही जाते. खाद्य गाळणीत धरून धुऊन घालणे, एवढ्याने बरेच काम होते. बोअरचे जड पाणी टाकीसाठी निषिद्धच. आरओचे पाणीसुद्धा रेझिनमधून शेवटचे गाळून घेतलेले असावे.

काढण्याआधी मोजणे आले. छोट्या काचेच्या नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, मॉलिब्डेटचे आम्लयुक्त द्रावण आणि मग दुसरी पूड टाकायची, हलकेच हलवून काही मिनिटे थांबायचे. फॉस्फेट असेल तर पाण्यावर निळसर झाक चढते. ०.०३ आणि ०.१० यांतला फरक पांढऱ्या कागदावर नळी धरूनही डोळ्यांना नीट कळत नाही, त्यामुळे प्रकाशमापक यंत्र घेणे श्रेयस्कर. माती परीक्षण प्रयोगशाळाही याच निळ्या रंगावर अवलंबून असते. तिथे १९५४ साली ऑल्सन यांनी मांडलेल्या पद्धतीने, साडेआठ सामूच्या सोडियम बायकार्बोनेटमध्ये माती घुसळतात, गाळतात आणि मॉलिब्डेटचा निळा रंग मोजतात. जमीन आरोग्य पत्रिकेवर हेक्टरी किलोत लिहून येणारे स्फुरद ते हेच.

रासायनिक उपायांतला सर्वांत जुना चुन्याच्या निवळीचा. निवळी रात्री थेंबाथेंबाने सोडली की सामू चढतो, कॅल्शियम मिळते आणि थोडे फॉस्फेट कॅल्शियमबरोबर खाली बसते. काळ्या जमिनीत जे आपोआप घडते, तेच इथे मुद्दाम घडवलेले असते. दुसरा उपाय लोहाच्या ऑक्साइडच्या तपकिरी दाण्यांचा. दाणे नळीसारख्या भांड्यात भरून त्यांतून पाणी इतक्या सावकाश फिरवतात की वरचे दाणे नुसते थरथरावेत. जोर जास्त झाला तर दाणे एकमेकांवर घासून पूड होते आणि टाकी लाल दिसू लागते. भांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले फॉस्फेट आत जाणाऱ्याइतके झाले की दाणे भरले, बदलायचे. घरच्या टाकीला हाच मार्ग सर्वांत बरा. तुरटीच्या कुळातले, म्हणजे ॲल्युमिनियमचे दाणेही मिळतात, पण त्यांतून सुटलेल्या ॲल्युमिनियमने मऊ प्रवाळ आक्रसतात असा अनुभव आहे.

तिसरा उपाय लॅन्थॅनम क्लोराइडचा. तो सर्वांत तडकाफडकी आणि म्हणूनच सर्वांत जोखमीचा. लॅन्थॅनमचा एक अणू फॉस्फेटचा एक आयन धरतो आणि न विरघळणारी पांढरी पूड होते. २०० लिटरच्या टाकीत फॉस्फेट ०.५ वरून ०.१ वर आणायचे, तर एकूण ८० मिलिग्रॅम फॉस्फेट काढायचे. त्याला कागदावर सुमारे ११७ मिलिग्रॅम लॅन्थॅनम लागते. बाटलीत सात पाण्यांचे स्फटिक असतील तर त्यांचे वजन ३१३ मिलिग्रॅमच्या घरात जाते. लेबल नीट न वाचता ‘लॅन्थॅनम’ आणि ‘लॅन्थॅनम क्लोराइड’ एक धरले की मात्रा अडीचपटींहून जास्त चुकते. प्रत्यक्षात काही लॅन्थॅनम कार्बोनेटवर खर्च होते, त्यामुळे पाण्याची क्षारता घसरते. ती रोज तपासावी लागते. द्रावण शुद्ध पाण्यात पातळ करून, बारीक गाळणीच्या पिशवीच्या तोंडाशी थेंबाथेंबाने सोडायचे. पूड पिशवीत अडकली पाहिजे. टाकीत पसरली तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो, आणि सर्जन मासे याला विशेष नाजूक. एवढे करूनही दोन दिवसांनी आकडा पुन्हा चढलेला दिसतो, कारण दगडांनी आणि वाळूने साठवलेले फॉस्फेट पाणी स्वच्छ होताच सुटू लागते. म्हणून हे काम आठवड्यांत वाटून घ्यावे लागते. एका रात्रीत आकडा पाडला तर प्रवाळांना धक्का बसतो.

लॅन्थॅनम आणि फॉस्फेट यांची ही ओढ निसर्गातही आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट सापडते, आणि मोनाझाइट म्हणजे लॅन्थॅनमसारख्या धातूंचे फॉस्फेटच. इंडियन रेअर अर्थ्सने अलुवा येथे १९५२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात ही गाठ कॉस्टिक सोड्याने सोडवली जाई, आणि जोडउत्पादन म्हणून ट्रायसोडियम फॉस्फेट हाती येई. माणसाच्या उतारवयात लॅन्थॅनम दवाखान्यातही भेटते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातले फॉस्फेट साठते, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसते. डायलिसिसवरच्या काही रुग्णांना लॅन्थॅनम कार्बोनेटची गोळी देतात. ती जेवणाबरोबर, चावून खायची असते. अन्नातले फॉस्फेट आतड्यातच जखडले जाते.

शून्य फॉस्फेट मात्र कुठेच चालत नाही. टाकी फॉस्फेटविना झाली तर प्रवाळाच्या पेशींत राहणारी शैवले उपाशी पडतात, प्रवाळ फिकटतो, आणि मोकळ्या जागेवर तपकिरी, चिकट तवंग धरणारे सूक्ष्मजीव पसरतात. आकडा ०.०३ च्या खाली सरकू लागला की दाणे काढून ठेवावेत.

गावाकडे किंवा शेतातल्या घरी अशी टाकी मांडणाऱ्यांनी एक पाळावे. टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात फॉस्फेट आहे, असे म्हणून ते खतासारखे झाडांना घालू नये. त्यातले सोडियम काळ्या जमिनीच्या चिकणमातीला लागले की ती फुगते, निचरा बंद होतो आणि जमीन चोपण होते. ती सुधारायला जिप्सम आणि कित्येक वर्षे लागतात.