चालणारा कोड, टिकणारं उत्तर

गणिती सॉफ्टवेअर कितीही बदललं, तरी वापरणाऱ्याचा जुना कोड चालतच राहिला पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. त्याला कारणही होतं. नमपाय, आर, सेजमॅथ ही मुक्त सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रोग्रॅमिंग हा व्यवसाय नसतो. कुणी पावसाच्या नोंदी तपासत असतं, कुणी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत असतं. एकदा लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ही माणसं वर्षानुवर्षं विसंबतात. नव्या आवृत्तीने तो बंद पाडणं मला अन्यायाचं वाटायचं.

म्हणूनच नमपायने ‘इंट’, ‘फ्लोट’ ही नावं काढली तेव्हा मला राग आला होता. नमपाय ज्या पायथॉन भाषेत वापरतात, तिच्याच मूळ प्रकारांची ती टोपणनावं होती, पण वाचणाऱ्याला ते नमपायचे स्वतंत्र प्रकार वाटत. जानेवारी २०२१च्या १.२० आवृत्तीपासून इशारा दिसू लागला. डिसेंबर २०२२च्या १.२४मध्ये नावं गेली आणि ती वापरणारे जुने प्रोग्रॅम थांबले. ती तशीच राहू दिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं, असं मी तेव्हा विचारायचो.

मत बदलायला सुरुवात झाली ती आरमुळे. तिथलं ‘सॅम्पल’ हे फंक्शन यादृच्छिक नमुना निवडतं. समष्टी फार मोठी असेल तर या निवडीत सगळ्यांना समान संधी मिळत नाही, हे केली ऑटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी दाखवून दिलं. एप्रिल २०१९च्या ३.६.० आवृत्तीत पद्धत दुरुस्त झाली आणि तोच सीड, म्हणजे यादृच्छिक निवडीचा आरंभ-अंक, देऊनही वेगळा नमुना येऊ लागला. या बदलाला विरोध करायचा, तर असमान निवड चालू ठेवा असं म्हणावं लागलं असतं. ते मला म्हणवेना. शिवाय आरने जुनी वाट बुजवली नव्हती. एक ओळ लिहिली की निवडीची जुनी पद्धत परत मिळते, त्यामुळे आधीचे निकाल पडताळता येतात.

मग जून २०२४मध्ये नमपाय २.० आलं. ३२ बिटांच्या एका दशांश संख्येत पायथॉनची साधी दशांश संख्या मिळवली, तर पूर्वी उत्तर ६४ बिटांत यायचं. आता ते ३२ बिटांतच राहतं, म्हणजे सुमारे १६ अंकांच्या अचूकतेऐवजी सुमारे ७. नवा नियम मला पटतो, कारण पूर्वी उत्तराचा प्रकार कधी कधी संख्येच्या किमतीवरही ठरायचा. बदलाची माहिती मार्गदर्शिकेत दिलेली होती. पण ती न वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि उत्तराचे शेवटचे अंक मात्र बदललेले असतात.

तिथे मला माझ्या जुन्या रागाचा फेरविचार करावा लागला. ‘इंट’ गेलं तेव्हा प्रोग्रॅम थांबला होता, कुठल्या ओळीवर ते दाखवत होता आणि त्याऐवजी काय लिहायचं तेही सांगत होता. गणितात असं थांबणं उपकारक असतं. थांबलेला प्रोग्रॅम दुरुस्त करता येतो. निराळं उत्तर देत चालणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही आणि ते उत्तर सरळ प्रबंधात जातं.

आता ‘कोड चालतो का’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तेच उत्तर येतं का, आणि बदललं असेल तर ते मला कळतं का, हे मी पाहतो. सेजमॅथमध्ये जुनं फंक्शन काढण्याआधी किमान वर्षभर इशारा देण्याचा दंडक आहे. पारी या आणखी एका मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फंक्शनचं आज काय झालं, हे ‘व्हॉटनाऊ’ या आदेशाने विचारता येतं. ही खरी काळजी आहे, आणि ती घेणाऱ्यांत पुष्कळ जण स्वयंसेवक आहेत. प्रत्येक जुनं नाव कायम सांभाळा, असा हट्ट त्यांच्याकडे धरणं मला आता योग्य वाटत नाही.

वाटा आपणही उचलायला हवा. प्रत्येक निकालाशेजारी आवृत्तीचा क्रमांक लिहावा, इशारे बंद करून ठेवू नयेत, आणि ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असं एक उदाहरण प्रत्येक नव्या आवृत्तीवर चालवून पाहावं. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांकडे माझं मागणं एकच उरलं आहे: नावं बदला, पद्धती सुधारा, पण उत्तर बदलणार असेल तर ते प्रोग्रॅम चालवतानाच आम्हाला सांगा.