थोरला लॅरबी

एखाद्या नटाची निवड चुकली असे आपण सहज म्हणून जातो. पण चूक नेमकी कोठे झाली हे सांगायची वेळ आली की बहुधा वयावर बोट ठेवून मोकळे होतो. बिली वाइल्डरच्या 'सॅब्रिना' (१९५४) या चित्रपटाविषयी हेच घडत आले आहे. हम्फ्री बोगार्ट त्या वर्षी ५४ वर्षांचा होता, ऑड्री हेपबर्न २५ वर्षांची. हे अंतर डोळ्यांत भरते खरे. परंतु वाइल्डरला या भूमिकेसाठी प्रथम हवा होता तो कॅरी ग्रँट, आणि तोही तेव्हा पन्नाशीला टेकलेलाच होता. तेव्हा केवळ वयाच्या हिशेबाने हे कोडे सुटत नाही.

लायनस लॅरबी हा लाँग आयलंडवरील धनाढ्य घराण्यातला थोरला, कामात बुडालेला मुलगा. धाकट्या डेव्हिडचा विवाह उसाच्या मळ्यांच्या मालकाच्या मुलीशी व्हावा, म्हणजे उसापासून प्लॅस्टिक बनवण्याचा उद्योग मार्गी लागेल, हा त्याचा बेत. मध्ये येते ती शोफरची मुलगी सॅब्रिना. तिला दूर करण्यासाठी लायनस स्वतःच प्रेमाचे सोंग घेतो आणि ते सोंग त्याच्या नकळत खरे होऊ लागते. सारी गंमत आणि सारे कारुण्य या 'नकळत'मध्ये आहे. सोंग करणारा माणूस सोंगात रमतो आहे, हे त्याच्याआधी प्रेक्षकाला कळले पाहिजे.

नौकाविहाराचा प्रसंग पाहावा. लायनस कॉलेजच्या दिवसांतला जुना स्वेटर चढवून, ग्रामोफोनवर कधीच्या काळची गाणी लावून बसतो. येथे हसू यावे आणि त्या हसण्यातच या कोरड्या माणसाच्या आत दडलेला एक तरुण क्षणभर दिसावा, अशी पटकथेची अपेक्षा आहे. बोगार्टच्या अंगावर स्वेटर दिसतो. तरुण दिसत नाही. त्याची ती खास थकलेली, सावध नजर जगाला ओळखून असते, आणि असा माणूस स्वतःच्याच डावात फसेल हे मनाला पटत नाही. मग त्याच्या वाट्याचे कामही हेपबर्नच्या डोळ्यांना करावे लागते. शिवाय विल्यम होल्डनचा डेव्हिड इतका लोभस आहे की उथळ ठरायचा तोच माणूस आपल्याला जवळचा वाटू लागतो.

तरीही बोगार्टला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. कार्यालयात सॅब्रिनाला पॅरिसच्या बोटीची तिकिटे सापडतात आणि आपण तिला एकटीलाच पाठवणार होतो हे त्याला कबूल करावे लागते, त्या प्रसंगात तो अप्रतिम आहे. तेथे मोहकतेचे काम नाही, शरमेचे आहे; आणि शरम लपवणाऱ्या पुरुषाचा चेहरा त्याच्याइतका क्वचितच कोणाला साधला असेल. या चित्रपटातले नाट्य त्याने पेलले. विनोदाने मात्र त्याला दाद दिली नाही.

१९९४ मध्ये हीच कथा हिंदीत 'ये दिल्लगी' म्हणून आली. तेथे थोरला अक्षय कुमार धाकट्या सैफ अली खानपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा. त्यामुळे अडचण उरली नाही, आणि अडचणीबरोबर थोरल्याचे थोरलेपणही गेले.

वाइल्डरच्या चित्रपटात अखेरीस लायनस धावतपळत बोट गाठतो, आपली सदाची छत्री भलत्याच प्रवाशाच्या अंगावर अडकवतो आणि सॅब्रिनाला मिठीत घेतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो तो छत्रीला.