फोन वाजण्याआधीचे तास

पीएचडी करणाऱ्याला दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘कधी संपणार?’ आणि ‘याचा उपयोग काय?’ मी नोकरी सांभाळून पीएचडी करते, त्यामुळे मला तिसराही विचारला जातो: ‘मग करतेसच कशाला?’ दिवसा कंपनीचं काम, रात्री आणि शनिवार-रविवारी संशोधन. अशात पाच दिवसांची रजा टाकून सार्वजनिक आरोग्यावरच्या एका कार्यशाळेला जाते म्हटल्यावर गाइडनी एवढंच विचारलं, “पेपर निघणार आहे का त्यातून?” निघणार नव्हता. तरी गेले.

माझा विषय तसा रुक्ष आहे. ग्रामीण भागात रुग्णवाहिका कुठे उभ्या केल्या तर त्या रुग्णापर्यंत कमीत कमी वेळात पोचतील, याचं गणित. हातात एका सेवेचा, नाव-पत्ते काढून टाकलेला डेटा आहे. एक फोन म्हणजे एक ओळ. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, रुग्णाला दवाखान्यात कधी सोडलं. हे चार आकडे मी तीन वर्षं रोज बघतेय.

कार्यशाळेत आम्ही वीसेक जण होतो, सगळे कुठे ना कुठे पीएचडी करणारे. पाच-पाच जणांचे गट पाडले आणि आमच्या गटाला विषय मिळाला सर्पदंश. गटात कम्युनिटी मेडिसिनचा एक डॉक्टर, सापाच्या विषावर काम करणारी एक मुलगी, मानववंशशास्त्राची एक, कायद्याचा एक आणि मी. पहिल्याच दिवशी चार्ट पेपर देऊन सांगितलं, साप चावल्यापासून औषध मिळेपर्यंतचा प्रवास काढा. प्रत्येकाने आपापला, एकमेकांशी न बोलता.

पाचही कागद भिंतीवर लावल्यावर हसूच आलं. माझा प्रवास सुरू होत होता फोनपासून. डॉक्टरचा, कॅज्युअल्टीच्या दारापासून. विषवालीचा, सापाच्या ग्रंथीपासून. कायदावाल्याच्या कागदावर माणूस सुरुवातीलाच मेलेला होता, पुढे पंचनामा, शवविच्छेदन आणि तलाठी. मानववंशशास्त्रवालीने मात्र आदल्या संध्याकाळपासून सुरुवात केली होती. अंथरुणं कुठे पडली, कोण जमिनीवर झोपलं, धान्याची पोती कुठे होती, दिवे होते की गेले होते.

कोणाचाच कागद खोटा नव्हता. माझं मॉडेलही फोन वाजल्यानंतरचं गणित बरोबरच करत होतं. पण फोन वाजण्याआधीही काही तास असतात, आणि त्या तासांवर काम करणारी माणसं याच देशात, दुसऱ्या कुठल्या तरी डिपार्टमेंटमध्ये बसलेली असतात, हे मला त्या भिंतीसमोर कळलं.

त्या तासांचं वजन किती आहे ते डॉक्टरने सांगितलं. भारतात सापाने किती माणसं मरतात, हे बरीच वर्षं दवाखान्यांच्या नोंदींवरून मोजलं जायचं आणि आकडा लहान दिसायचा. मग ‘मिलियन डेथ स्टडी’ नावाच्या मोठ्या अभ्यासात लोकांच्या घरी जाऊन मृत्यूंबद्दल विचारलं गेलं. त्यावर आधारलेला 2020 सालचा अंदाज असा, की 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यात झाले आणि घरी झाले. म्हणजे मेलेल्यांतले बरेचसे कुठल्याच दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नाहीत, आणि अर्थात माझ्या डेटातही नाहीत. माझ्या ओळी म्हणजे ज्यांनी फोन केला त्यांच्या. जे मेले त्यांनी बहुधा केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मानववंशशास्त्रवालीने एक साधी गोष्ट दाखवली. प्रश्नावलीत ‘साप चावला होता का?’ असा प्रश्न असतो. पण आपल्याकडे कितीतरी गावांत सापाचं नाव घेत नाहीत, रात्री तर नाहीच. साप म्हणजे ‘जनावर’, ‘लांबडं’. आणि चावला असं न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. शहरात वाढलेल्या मुलाखतकाराने ‘पान लागलं’ ऐकलं तर तो काय लिहून घेईल? त्या रात्री खोलीवर येऊन मी लॅपटॉप उघडला. माझ्या डेटात कॉलच्या कारणाचा एक रकाना आहे आणि त्यात ‘इतर’ ही नोंद भरपूर वेळा येते. तीन वर्षं मी ‘इतर’ला कचरा समजून नव्हे, पण निरुपद्रवी समजून बाजूला ठेवत आले होते. आता त्याच्यामागे कोण कोण उभं असेल असं वाटून झोप लागेना.

विषवालीकडून मिळालेली माहिती तर थेट कोडमध्ये घालण्यासारखी. आपल्याकडचं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे एकच औषध सगळीकडे सारखंच लागू पडेल असं नाही. आणि मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा करून बसलं की औषधाने ती लगेच भरून येत नाही. मग श्वास चालू ठेवायला यंत्र लागतं. म्हणजे माझ्या नकाशावरचा ‘सर्वांत जवळचा दवाखाना’ हा ठिपका घोणसेसाठी एक असू शकतो आणि मण्यारीसाठी दुसरा.

तिसरा दिवस व्हर्बल ऑटॉप्सीचा होता, म्हणजे तोंडी शवविच्छेदनाचा. माणूस दवाखान्याबाहेर गेला असेल तर प्रशिक्षित मुलाखतकार घरच्यांना शेवटच्या दिवसांबद्दल विचारतो आणि सगळं लिहून घेतो. ते दोन डॉक्टर वेगवेगळं वाचून मृत्यूचं कारण ठरवतात. एकमत झालं नाही तर तिसरा डॉक्टर बघतो. सराव म्हणून प्रत्येकाने आपल्या घरातल्या, कारण नीट माहीत नसलेल्या एका मृत्यूबद्दल सांगायचं होतं. मी आत्याबद्दल सांगितलं.

2004 चा जुलै. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, धो धो पाऊस, वीज गेलेली. मी दुसरीत होते, त्यामुळे मला आठवतं ते थोडं आणि ऐकलेलं जास्त. आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपली होती. मध्यरात्रीनंतर पोटात कळ येते म्हणून उठली. ओवा दिला, शेक दिला. उजाडताना म्हणाली, डोळे उघडत नाहीत. मग जीभ जड झाली. देवऋषी आला. त्यानंतर जीप मिळाली, आणि खाली उतरेपर्यंत ती गेली होती. अंगावर जखम नव्हती, सूज नव्हती, रक्त नव्हतं. देवऋषीने करणी सांगितली आणि वस्तीवरच्या एका विधवा काकूंकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आमच्या घरचं त्यांच्याकडे जाणं-येणं बंद.

माझी मुलाखत घेणारा मुलगा लिहीत होता. त्याने फक्त प्रश्नावलीतले प्रश्न विचारले. जमिनीवर झोपली होती का? पापण्या जड झाल्या होत्या का? गिळता येत होतं का? श्वास कसा चालला होता? दुपारी दोन डॉक्टरांनी तो कागद वेगवेगळा वाचला. दोघांनीही तेच लिहिलं: सर्पदंश, बहुधा मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, आणि दुखतही नाही. पोटात दुखणं, पापण्या मिटणं आणि मग श्वास थांबणं. डॉक्टर मित्र म्हणाला, “पुस्तकात लिहिल्यासारखी केस आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “सॉरी.”

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “पक्कं सांगता येतं का?”

“पक्कं नाही. बहुधा, असं लिहितात.”

“बहुधा पुरे,” बाबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “त्या बाईचं वय झालंय आता.”

ते दिवाळीत गावी गेले तेव्हा काकूंकडे जाऊन बसले, एवढं आईकडून कळलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

कार्यशाळेतून काय मिळालं, असं गाइडनी परत आल्यावर विचारलं तेव्हा मी आत्याचं सांगितलं नाही. त्यांना कळतील अशा तीन गोष्टी सांगितल्या. एक, प्रबंधात आता एक प्रकरण वाढणार: डेटा कुठून सुरू होतो आणि त्याच्या आधी काय राहून जातं. दोन, दवाखाना निवडताना अंतराबरोबर तिथे औषध आहे का, श्वासाचं यंत्र आहे का, हेही मॉडेलमध्ये येणार. तीन, अडलं तर विचारायला आता चार माणसं आहेत. कायदावाल्याने पाठवलेली माहिती तर मी माझ्या टेबलासमोर चिकटवलीय: राज्य सरकारच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला 2 लाख रुपये मिळू शकतात, पण मृत्यूचं कारण कागदावर हवं. ‘इतर’ या शब्दाची किंमत इतकी स्पष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

गाइड म्हणाले, “स्कोप वाढतोय, सहा महिने जातील.” त्यांचं चुकत नाही. स्कॉलरशिप, नोकरी, लग्नाचं वय, सगळ्यांची घड्याळं चालू असतात. आणि पाच दिवसांत कोणी दुसऱ्या विषयातला तज्ज्ञ होत नाही. मला आजही प्रतिपिंडांचं रसायन समजत नाही आणि विषवालीला माझं ऑप्टिमायझेशन. पण तिचा प्रवास कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, हे आम्हा दोघींना माहीत आहे. पीएचडीत माणूस एका रेघेवर इतकी वर्षं चालतो की रेघेची टोकं हीच जगाची टोकं वाटायला लागतात. ती तशी नाहीत, हे वाचून कळतं, पण भिंतीवर शेजारी लावलेले चार कागद बघून पटतं.

2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. निम्मं करायचं तर आधी पूर्ण मोजायला हवं. मी सध्या ‘इतर’मधल्या ओळी एकेक करून वाचतेय, ज्यांत फोन घेणाऱ्याने दोन शब्द जास्तीचे टाइप केलेत अशा. काल रात्री त्यातल्या एका ओळीत दिसलं: ‘पोटात दुखते, डोळे उघडत नाही’. वेळ पहाटे 4 वाजून 10 मिनिटं. गाडी 38 मिनिटांत पोचली होती. पुढचा रकाना मी अजून उघडलेला नाही.