निमआराम

दोन पानांचं इंग्रजी पत्रक मराठी करायला आलं आणि पहिल्याच ओळीला मी बसलो. 'कीप हर कम्फर्टेबल.' नोकरीभर पोरांना इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर डोणगावात राहून भाषांतरं केली. एवढ्याशा वाक्यानं असं कधी धरून ठेवलं नव्हतं. पत्रक आणणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. आता ती नर्स आहे. ज्यांच्यावरचे उपचार थांबवलेत अशा रुग्णांच्या घरी जाते. पत्रक घरच्यांसाठी होतं.

भाषांतर करणाऱ्याला हा शब्द नवा नाही. खुर्चीही कम्फर्टेबल आणि खुर्चीत बसलेलाही कम्फर्टेबल, ही इंग्रजीची चैन आपल्याला परवडत नाही. खुर्ची आरामशीर, बसलेला ऐसपैस. पैसाअडका असेल तर घर सुखवस्तू, सभागृहात बहुमत भक्कम, चारचौघांत माणूस मोकळा. जागा पाहून शब्द बसवायचा, की काम संपलं. मोबाइलमधलं यंत्र तेवढंही करत नाही. ते खुशाल विचारतं, 'तुम्ही आरामदायी आहात का?' जणू आपल्यावर कुणी बसणार आहे. शहरातल्या तरुण भाषांतरकारांनी तर भांडणच मिटवलंय. 'कम्फर्ट झोन' देवनागरीत उतरवायचा आणि पुढच्या ओळीला लागायचं. त्यांना शब्दांचे दर मिळतात, मला वेळ मिळतो.

पण आजारी माणसाच्या खाटेपाशी सगळे शब्द दगा देतात. आधी लिहिलं, 'तिला बरं वाटेल असं पाहा.' बरं वाटणं आणि बरं होणं यांत आपल्याकडे एका क्रियापदाचं अंतर. आईसाठी नवस बोलून बसलेला मुलगा ते अंतर राखणार नाही. 'आराम' त्याहून फसवा. 'आता आराम पडला' म्हणजे दुखणंच गेलं. म्हणून दुसऱ्या बाजूनं गेलो, तर तिथे 'शांत'. म्हातारी शांत झाली असं कानावर आलं की माणसं खांद्यावर टॉवेल टाकून निघतात. 'निवांत'चंही तेच, सुटली, निवांत झाली बिचारी. म्हणजे अर्धे शब्द ती उठून बसेल असं वचन देतात आणि उरलेले ती गेल्याची वर्दी. मधल्या दिवसांसाठी, ती आहे आणि बरी होणार नाही त्या दिवसांसाठी, शब्द कुठला?

'निवांत' सोडवत नव्हता, त्याचं कारण वेगळं होतं. तो माझा शब्द आहे असं मी समजतो. कादंबरी असो की शेतीची पुस्तिका, मी तो कुठे ना कुठे बसवतोच. एका वाचकानं पत्र लिहून कळवलं होतं की नाव न पाहताही तुमचं भाषांतर 'निवांत'वरून ओळखू येतं. ती तक्रार होती. मी ते पत्र जपून ठेवलंय.

व्याकरणाचीही एक अडचण आहे. इंग्रजी डॉक्टर बाहेर येऊन सांगतो, रुग्ण कम्फर्टेबल आहे. तो कोण सांगणारा? आपल्याकडे हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं. बरं 'मला' वाटतं. थंडी, भूक, झोप यांसारखं ते माणसाकडे येतं. वर्तमानपत्रांनी यातून 'प्रकृती स्थिर' ही पळवाट काढली. स्थिर तर भिंतही असते.

थॉमस कँडींनी मोल्सवर्थ यांनी आरंभलेलं काम पुरं करून १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश छापला. तेव्हापासून कोशकार 'कम्फर्ट'पुढे पर्यायांची रांग लावत आलेत. रांग लावणं सोपं, त्यातला एक उचलणं अवघड. मूळ लॅटिनमध्ये त्याच्या पोटात 'फोर्टिस' आहे, बळकट. किल्ल्याचा 'फोर्ट'ही त्यातलाच. म्हणजे मुळात अर्थ बळ देण्याचा. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत शत्रूला 'एड अँड कम्फर्ट' देणं हा देशद्रोह ठरतो. तिथे कुणी शत्रूला उशी देत नाही, पाठबळ देतं. हे सापडल्यावर मी उत्साहानं 'धीर' लिहिला. मग लक्षात आलं, धीर घरच्यांना हवा. तिला पाठीखाली मऊ घडी हवी, कूस बदलून हवी, ओठ ओले करून हवेत.

हे सगळं मी विद्यार्थिनीला ऐकवलं, लॅटिनसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. वर्गातही ती अशीच ऐकायची.

"सर, घरचे मले एकच गोष्ट इचारतात," ती म्हणाली. "तिले तरास तं होत नाही ना? तेच लिहा नं."

त्रास होऊ देऊ नका. मला हे उणं वाटलं, अजूनही वाटतं. भरलेल्या शब्दाच्या जागी नुसता नकार. पण वांद्र्याला १९८६ मध्ये देशातलं पहिलं हॉस्पिस निघालं, त्याचं नाव 'शांती अवेदना सदन'. नाव ठेवणाऱ्यांनीही नकारच घेतला, वेदना नसणं. आणि शेजारी शांती ठेवली. मला 'शांत'ची भीती वाटली, त्यांना वाटली नाही. एवढं धाडस माझ्या हातात नाही. पूर्वी असतं, असंही मी म्हणणार नाही.

एस.टी.च्या 'निमआराम' बसचं नाव मात्र या दिवसांत फार मोठं वाटायला लागलंय. सेमी-लक्झरीला ज्या कुणी हा शब्द दिला, त्यानं खोटं आश्वासन दिलं नाही. अर्धा आराम, तोही तिकीट काढून. मेहकरच्या फाट्यावर ती पाटी कितीदा वाचली असेल, पण हेवा आत्ता वाटला. पत्रकात 'निमआराम' लिहिता आला असता तर मी दुसऱ्या कशाकडे पाहिलंही नसतं. विद्यार्थिनीला सुचवून पाहिलं. ती हसली, आणि पुढे गेली.

पहिल्या पानावर आता 'तिला त्रास होऊ देऊ नका' आहे. त्याखाली कूस बदलण्याच्या, तोंड पुसण्याच्या, उशाशी बसण्याच्या सूचना आहेत. त्यांतल्या शेवटच्या ओळीत मी 'निवांत' घुसवला होता, तो तिनं लाल पेनानं खोडला. दुसऱ्या पानावर 'कम्फर्ट फीडिंग' आलंय: पोटासाठी नव्हे, तिला आवडतं म्हणून भरवायचं. मी 'जिभेपुरते दोन घास' लिहिलंय. ती 'दोन' खोडणार, कारण घरचे मोजून दोनच भरवतील, असं तिचं म्हणणं असेल. या वेळी मी भांडणार आहे.