सतारमेकर गल्लीचा दाखला

मिरज

चि. छोटी,


नोकरी सोडून घरीच थ्रीडी प्रिंटर मांडायचा आणि मुलांसाठी लाकडी-प्लॅस्टिकची खेळणी करून विकायची, हा तुझा बेत कळला. तुझी आई धास्तावली आहे, मला मात्र मनापासून आनंद झाला. घरात केलेला माल बाजारात टिकतो का, असं तू विचारलंस. त्याला आपल्या मिरजेचाच दाखला देते.

इथले सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावायची, हत्यारं दुरुस्त करायची, हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमल आला, हत्यारांची मागणी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि त्यातूनच ते नवी घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला खरा, पण खरं भांडवल म्हणजे राहतं घर आणि धातूवर बसलेला हात. पुढे हा धंदा वाढला तोही घराघरांतून, पिढ्यान् पिढ्या.

मंगळवेढ्याकडून भोपळे येतात. ते खायचे नव्हेत. जाड सालीचे, वाळून टणक झालेले. कापायचे, भिजवून मऊ करायचे, हवा तो आकार द्यायचा, पुन्हा वाळवायचे. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या, नक्षी, पॉलिश. एवढं झालं तरी तानपुरा मुकाच असतो. त्याला बोलतं करते ती जवारी. घोडीचा माथा कानसेनं इतका हलक्या हातानं घासायचा की तार त्याला जेमतेम स्पर्शत थरथरावी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत झंकार उघडेल ती जागा शोधायची. हे मापानं होत नाही, कानानं होतं. म्हणून जवारी काढणाऱ्याला गल्लीत वेगळा मान आहे.

आता हा कान कारागिराला कुठून आला, ते बघ. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत गाणं शिकवत होते, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेलाच घर केलं. 1937 साली ते गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. म्हणजे वाद्य घडवणारा आणि ते मांडीवर घेऊन गाणारा एकाच गावात. झंकार बसका लागला तर गवई स्वतः येऊन सांगणार, आणि पुढच्या वाद्यात ती कसर भरून निघणार. बाईच्या आवाजाला लहान तानपुरा, पुरुषाच्या खर्जाला मोठा, ही गरजही गाणाऱ्यांकडूनच आली. घरच्या धंद्याची ताकद मला इथे दिसते. मोठ्या कारखान्यात गिऱ्हाइकाची तक्रार चार टेबलं फिरून येते, घरात ती थेट हातापर्यंत पोचते. तुझा प्रिंटर हवा तो आकार काढून देईल, पण कोणता आकार हवा ते त्याला ठाऊक नाही. म्हणून यंत्राच्या आधी दोन-चार बालवाड्यांत जाऊन बस. मुलं खेळणं कसं धरतात, कुठे टाकतात, काय तोंडात घालतात, ते पाहा.

दुसरी गोष्ट नावाची. दुसरीकडे केलेली वाद्यं मिरजेची म्हणून खपवली जातात, हे इथल्या कारागिरांचं जुनं दुखणं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, दोन्हींना वेगवेगळं. त्यासाठी एकेकट्या घरांना संस्था करून एकत्र यावं लागलं. मानांकनानं पोट भरतं असं मी म्हणत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यानं आणि मोबाईलमधल्या ॲपनं गिऱ्हाईक बरंच ओढून नेलंय. पण नाव आपल्या हातात असलं तर भाव सांगताना मान वर राहते. एखादा दुकानदार तुझी खेळणी त्याच्या नावानं विकायला मागेल, आगाऊ पैसेही देईल. पहिल्या वर्षी तरी तू त्याला हो म्हणू नयेस, असं मला फार वाटतं.

प्रिंटर लगेच विकत घेऊ नकोस. पुण्यात ओळखीच्या कुणाकडे असेल तर आधी त्यावर नमुने काढ. वाया जाणारं प्लॅस्टिक, वीज आणि तुझे स्वतःचे तास धरून एका खेळण्याची किंमत मांड आणि मला पाठव. तास धरायला विसरू नकोस, घरी काम करणाऱ्या बायका नेमकं तेवढंच सोडतात. आईशी मी बोलते.

तुझी,
मावशी