याला घरी पाठवा!

मी हस्की बघायला गेलो होतो. म्हणजे आपल्या डोक्यात असतो तो हस्की. बाणेरच्या सोसायटीत एसी लावून ठेवलेला, निळ्या डोळ्यांचा, टेडी बेअरसारखा गुबगुबीत. आणि समोर होती काटकुळी, लांब तंगड्यांची, वीस-बावीस किलोची, वाट्टेल त्या रंगाची कुत्री. आपल्या गल्लीतल्या मोत्याची चुलत भावंडं शोभतील अशी!

'हीच पळणार? हजार मैल?' मी ताईला विचारलं. तिने कानातला स्टेथोस्कोप न काढताच मान डोलावली.

गोष्ट मार्च 2024 ची. मी ऑनसाइटला सिअ‍ॅटलमध्ये होतो आणि माझी मावसबहीण अलास्कात 'इडिटारॉड'च्या ड्युटीवर निघाली होती. ताई जनावरांची डॉक्टर. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची; लहानपणी आम्ही तिला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून चिडवायचो. आता अमेरिकेत प्रॅक्टिस करते, आणि दर एक-दोन वर्षांनी स्वतःची रजा खर्चून या शर्यतीत व्हॉलंटियर व्हेट म्हणून जाते. 'चार दिवस ये माझ्याबरोबर, लॅपटॉप ठेव घरी,' म्हणाली. लॅपटॉप मी अर्थातच नेला.

इडिटारॉड ही अँकरेजहून बेरिंग समुद्राकाठच्या नोमपर्यंतची स्लेजची शर्यत. साधारण सोळाशे किलोमीटर. 1973 पासून दर मार्चमध्ये होते. स्लेज चालवणाऱ्याला म्हणतात 'मशर'. पुढचे संघ नऊ-दहा दिवसांत नोमला पोचतात. वाटेत डोंगर, गोठलेली युकॉन नदी, उणे तीस-चाळीसपर्यंत उतरणारा पारा. सुरुवातीच्या वर्षांत कुत्री इतकी दगावली, की नियम कडक करत जावेच लागले. आता शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी, रक्ततपासणी, जंतांचं औषध आणि कातडीखाली ओळखीची चिप. माझ्या शेवटच्या ईसीजीला किती वर्षं झाली, हे मी तिथे उभ्या उभ्या आठवून पाहिलं. ईसीजी झालेलाच नव्हता.

तपासणी वासिला नावाच्या गावात चालू होती. ताई एकेका कुत्र्याजवळ गुडघे टेकून बसायची. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. पटकन जागेवर बसली तर पाणी पुरेसं. हिरडी बोटाने दाबून बघायची, पांढरी झालेली किती वेळात गुलाबी होते. मग खांदे, मनगटं, बोटांच्या मधल्या बेचक्या. पायांना कापडी मोजे घालतात, तरी बर्फाचे खडे आत शिरून चिरा पडतात. प्रत्येक कुत्र्यामागे आठ मोजे स्लेजवर असायलाच हवेत, असा नियमच आहे.

हे सगळं लक्षात ठेवायला त्यांच्याकडे चार अक्षरं आहेत. एच, ए, डब्ल्यू, एल. एच म्हणजे हार्ट आणि हायड्रेशन. डब्ल्यू म्हणजे वेट, एल म्हणजे लंग्ज. आणि ए म्हणजे अ‍ॅटिट्यूड आणि अ‍ॅपेटाइट. मी हसलो. अ‍ॅटिट्यूड हा शब्द मी फक्त अप्रेझल फॉर्मवर वाचला होता!

'हसू नकोस,' ताई म्हणाली. 'बाकी सगळ्याला यंत्रं आहेत. ए ला डोळेच लागतात. हे कुत्रं दमलं तरी सांगत नाही रे. शेजारचा पळतोय ना, मग हाही पळणार. शेपटीसुद्धा हलवेल. पण पुढ्यात मांस टाकलं आणि त्याने तोंड फिरवलं, की मी सावध होते.'

खाणं ही इथे चैन नव्हे, इंधन आहे. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरीज लागतात, त्यातल्या बऱ्याचशा चरबीतून. तुम्ही-आम्ही दोन हजारांत भागवतो, तेही खुर्चीत बसून. न जेवलेलं कुत्रं चोवीस तासांत कोसळू शकतं. त्यात पोटाचं दुखणं. शर्यत संपल्यावर दुर्बिणीने तपासलं, तर जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठरात जखमा सापडल्या, असं 2000 नंतरच्या दशकातल्या अभ्यासांत दिसलं. त्यावर काय देतात माहितेय? ओमेप्राझोल! आपल्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये असते तीच अ‍ॅसिडिटीची गोळी.

मला आवडला तो त्यांचा परत पाठवण्याचा प्रकार. वाटेत वीसेक चेकपॉइंट्स, तिथे पन्नासेक व्हेट आळीपाळीने, कधी शाळेच्या जमिनीवर तर कधी तंबूत झोपून काम करतात. प्रत्येक मशरकडे एक वही असते. चेकपॉइंटवर कुत्री तपासून तिच्यात नोंद होते. ज्याचं खरं नाही, त्याला तिथेच ठेवून घेतात आणि छोट्या विमानाने परत आणतात. आधी अशा कुत्र्यांना 'ड्रॉप्ड' म्हणायचे, आता 'रिटर्न्ड' म्हणतात. नुसता शब्द बदलला म्हणाल तर तसं. पण गोम अशी आहे, की गेलेल्याच्या जागी दुसरं कुत्रं घेता येत नाही. एक घरी गेलं की उरलेल्यांवर तेवढा भार. त्यामुळे 'अजून एक चेकपॉइंट बघू या' असा मोह मशरला होतोच. तिथे ताईसारख्या कुणीतरी म्हणावं लागतं, नाही, याला घरी पाठवा.

इथे मला माझी गोष्ट आठवली. 2019 मध्ये पुण्यात रिलीजच्या आठवड्यात मला ताप होता. पॅरासिटामॉल घ्यायची, कॉलवर बसायचं. जेवण जात नव्हतं. शेजारच्या डेस्कवरची मुलं डबे उघडायची, मी 'नंतर' म्हणायचो. कुणालाच ते खटकलं नाही, मलाही नाही. उलट 'काय कमिटमेंट आहे!' अशी मेल आली. पाचव्या दिवशी लिफ्टसमोर पडलो. डेंगी. प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार. कंपनीला दोष देऊन मोकळं होता येतं, पण मला थांबा म्हणायला कुणी आलं असतं, तर मी ऐकलं असतं का, देव जाणे.

ताईला हे मी विलो गावात, शर्यत सुटत असताना सांगितलं. तिला नीट ऐकूच गेलं नसेल, कारण ती कुत्री सुटण्याआधी जे काही ओरडतात! मागे स्लेज धरून ठेवली असताना जागच्या जागी चारही पायांवर उड्या मारतात. त्यांना कुणी बळजबरीने पळवतंय, असं ते बघून म्हणवत नाही. पण पळायची हौस आहे म्हणजे थांबायची अक्कल आहे, असं थोडंच असतं?

मी सिअ‍ॅटलला परतलो आणि ऑफिसात एका खिडकीत एक्सेल, दुसऱ्या खिडकीत शर्यतीचा जीपीएस नकाशा, असा कारभार सुरू झाला. ताई कुठल्यातरी चेकपॉइंटवर होती, रेंजच्या बाहेर. आणि मग बातम्या आल्या. एक कुत्रं नुलाटो चेकपॉइंट जेमतेम दोनशे फुटांवर असताना कोसळलं. मग दुसरं. मग तिसरं. 2019 नंतर शर्यतीत एकही मृत्यू झाला नव्हता, आणि आता एकाच वर्षी तीन. ईसीजी, रक्त, वही, सह्या... सगळं असून. नियमाप्रमाणे ते तिन्ही मशर शर्यतीतून बाहेर पडले. 2025 मध्ये बर्फ नव्हता म्हणून शर्यत फेअरबँक्सहून सोडली, तेव्हाही एक कुत्री गेली. ती गाभण होती.

प्राणिप्रेमी संघटना म्हणतात, शर्यत बंदच करा. 2020-21 मध्ये मोठे प्रायोजकही सोडून गेले. मला त्यांचं बरंचसं पटतं. कितीही चांगला डॉक्टर उभा केला, तरी मुळात एवढं पळवायचं कशाला? पण मग ती विलोची ओरडणारी कुत्री डोळ्यांपुढे येतात आणि माझी गाडी पुन्हा अडते.

ताईचा फोन आला, तेव्हा ती नोमला होती. आवाज बसलेला. मी सरळ विचारलं, 'कशाला जातेस तू तिथे?'

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'या वर्षी माझ्या चेकपॉइंटवरून अकरा जण घरी गेले. एक मशर भांडला माझ्याशी. म्हणाला, याला काही झालेलं नाही, बघा, शेपटी हलवतोय. मी न जाऊन शर्यत थांबणार असती, तर नसते गेले रे.'

मला हे पुरतं पटलं नाही, तसं मी म्हणालोही. ती वाद घालायच्या मूडमध्ये नव्हती. तिकडे मागे कुत्र्यांचा आवाज येत होता.

'तुझा आवाज असा काय येतोय?' तिने विचारलं. 'जेवलास का?'

पावणेचार वाजले होते. डबा बॅगेतच होता.