बर्गनच्या खाडीवर

नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरांच्या कुशींत बर्गन हें शहर वसलेलें आहे. येथें वर्षाला दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. रत्नागिरीकरांस हा आंकडा ऐकून हसूं येईल. परंतु कोंकणांतला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, हा बाराही महिने रिपरिपत राहतो, आणि आमचे बहुतेक दिवस छत्रीखालींच गेले. बंदरावरील जुन्या जर्मन व्यापाऱ्यांचीं लांकडी घरें आणि सुक्या माशांच्या व्यापारावर उभें राहिलेलें वैभव यांचें वर्णन प्रवासवृत्तांतून पुष्कळ आढळतें. आम्हांस ओढ होती ती निराळ्याच गोष्टीची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा शोध घेण्याची या गांवाची परंपरा जुनी आहे.

तिचा आरंभ पाहावयाचा तर सेंट योर्गेन या महारोग्यांच्या जुन्या रुग्णालयांत जावें. आज तेथें संग्रहालय आहे. मधल्या दालनाभोंवतीं लहान लहान कोठड्या, आणि त्या कोठड्यांत माणसांनीं उभीं आयुष्यें काढलेलीं. शेवटचे दोन रोगी १९४६ सालीं येथेंच वारले. याच शहरांत १८७३ सालीं आर्माउअर हान्सेन यांनीं महारोगाचा जंतु पाहिला, आणि हा रोग वंशपरंपरेनें रक्तांतून उतरतो हा समज डळमळूं लागला. परंतु आपलें मत सिद्ध करण्याच्या भरांत त्यांनीं १८७९ सालीं एका रोगी स्त्रीच्या डोळ्यांत, तिची संमति न घेतां, रोगद्रव्य टोंचलें. प्रकरण न्यायालयांत गेलें व १८८० सालीं त्यांस रुग्णालयाच्या जागेवरून दूर करण्यांत आलें. एका निराधार बाईच्या बाजूनें न्यायालय उभें राहिलें, ही गोष्ट आम्हांस त्या शोधाइतकीच मोलाची वाटली.

शंभरएक वर्षांनीं येथील विद्यापीठांत दुसरा शोध लागला. समुद्राच्या पाण्यांत विषाणु असतात हें पूर्वीं ठाऊक होतें; पण मोजण्याची रीत अशी कीं, जे जंतु प्रयोगशाळेंत वाढवितां येतात, त्यांचा नाश करणाऱ्या विषाणूंचीच तेवढी गणती व्हावी. एकत्र कुटुंबांतील माणसें पहिल्या पंगतीवरून मोजावीं तसा हा प्रकार! ज्यांचा उपास आहे आणि ज्या बायका वाढीत आहेत, त्यांची नोंदच नाहीं. ओइविंड बर्ग, क्नुट इंग्वे ब्योर्शेइम, गुन्नार ब्राटबाक व मिकाल हेल्डाल या चौघांनीं ही रीत सोडली. अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत पाणी घालून त्यांतील कण सूक्ष्म जाळीवर बसविले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं सरळ मोजले. १९८९ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, नैसर्गिक पाण्याच्या एका मिलिलिटरांत, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पांचव्या हिश्शांत, २५ कोटींपर्यंत विषाणु असूं शकतात. पूर्वींच्या अंदाजाच्या हें हजारपासून कोटीपट झालें.

हे विषाणु मुख्यतः समुद्रांतील सूक्ष्म जीवांवरच जगतात. ते करतात तरी काय, हें समजण्यासाठीं आम्ही शहराच्या दक्षिणेस रौनेफ्योर्ड या खाडीवरील एस्पेग्रेंड येथील सागरी जीवशास्त्राचें केंद्र गांठलें. डोंगरांच्या मधून आंत शिरलेली ही खाडी फार शांत. या खाडीच्या पाण्यांत प्लास्टिकच्या प्रचंड पिशव्या टांगून, त्यांत नत्र व स्फुरद यांचें खत घालून प्रयोग केले गेले आहेत. खत मिळतांच एमिलियानिया हक्सलेयी नांवाची एकपेशीय वनस्पति माजते. तिच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात. त्यामुळें सारें पाणी दुधाळ निळें होतें. मग थोड्याच दिवसांत तो बहर ओसरतो. खत संपलें किंवा सूक्ष्म प्राण्यांनीं चरून टाकलें, एवढ्यानें याचा उलगडा पुरता होईना. १९९३ सालीं ब्राटबाक, एगे व हेल्डाल यांनीं दाखविलें कीं, बहर ओसरतांना विषाणूंची संख्या भराभर वाढते, व कित्येकदां संहार तेच करतात.

याच विद्यापीठांतील थिंगस्टाड यांनीं यावरून एक विचार मांडला. 'विजेत्याला मारा' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. जी जात सर्वांत अधिक फोफावते, तिचीच विषाणूशीं गांठ अधिक पडते, आणि तीच आधीं खालीं येते. मग दुबळ्या जातींस जागा मिळते. फुटलेल्या पेशींतील द्रव्य पाण्यांत मिसळून जंतूंच्या वाट्यास जातें. माशांपर्यंत पोंचावयाचा घास वाटेंतच फिरतो. या किनाऱ्याचें पोट मासळीवर चालतें, तेव्हां हा हिशेब येथें केवळ पुस्तकी नाहीं.

आपल्याकडील एक दुवा येथें आठवतो. १८९६ सालीं अर्नेस्ट हँकिन यांनीं लिहिलें कीं, गंगायमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु लौकर मरतात, परंतु पाणी उकळल्यास तो गुण नाहींसा होतो. जंतु खाणाऱ्या विषाणूंस देरेल यांनीं १९१७ सालीं नांव दिलें, त्याच्या एकवीस वर्षें आधींची ही नोंद. तो गुण विषाणूंचाच होता असें त्यावरून ठरत नाहीं. परंतु उकळून पाहण्याची युक्ति आम्हांस फार आवडली.

आम्ही धक्क्यावर उभे होतों तेव्हां बहराचे दिवस सरले होते. खाडी काळीभोर दिसत होती, आणि सोबतची मंडळी वांकून वांकून निळा रंग शोधीत होती.